दूरध्वनीच्या यंत्राची मालकी

वस्तु आपल्या हातीं आहे आणि तिचे पैसेहि चुकते झाले आहेत, म्हणजे ती आपलीच, असें आपण संसारी माणसें समजतों. अमेरिकेंतील दूरध्वनीचा इतिहास चाळूं लागलें, कीं ही समजूत डळमळूं लागते.

तेथें ए. टी. अँड टी. कंपनीचीं यंत्रें भाड्यानें मिळत, व बाहेरची कोणतीहि वस्तु त्यांस जोडूं नये असा तिचा दंडक होता. ‘हश-ए-फोन’ हें एक पेल्यासारखें साधन. तें यंत्राच्या तोंडावर बसविलें, कीं शेजारच्यास आपलें बोलणें ऐकूं जात नसे. त्यांत ना तार, ना वीज. तरी वाद उभा राहिलाच! १९५५ सालीं सरकारी दळणवळण आयोगानें कंपनीची बाजू उचलून धरली. १९५६ सालीं वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानें तो निर्णय फिरविला. न्यायाधीशांचा मुद्दा आम्हांस फार मार्मिक वाटतो: तोंडापाशीं हाताचा आडोसा धरून बोलण्यास मुभा आहे, तर तेंच काम करून लिहिण्यास हात मोकळा ठेवणाऱ्या साधनास बंदी कां? पुढें १९६८ सालीं टेक्सासच्या टॉमस कार्टर यांनीं बिनतारी यंत्र दूरध्वनीशीं जोडणाऱ्या ‘कार्टरफोन’चा वाद जिंकला, आणि तारांच्या जाळ्यास अपाय न करणारी परकी वस्तु जोडण्याचा मार्ग खुला झाला.

प्रश्न मिटला असें वाटावें, तों २००७ साल उजाडलें. (मध्यंतरीं, १९८४ सालीं, त्या जुन्या कंपनीचे तुकडे झाले होते, त्यांतील एका लेकीनें २००५ सालीं आईलाच विकत घेऊन तिचें नांव लाविलें, ही मौज सांगितल्यावांचून राहवत नाहीं.) २९ जून २००७ रोजीं ॲपलचा आयफोन विक्रीस आला. साडेतीन इंचांचा पडदा, किंमत ४९९ व ५९९ डॉलर, आणि सोबत ए. टी. अँड टी.शीं दोन वर्षांचा करार. आंतील रेडिओ जी. एस. एम. पद्धतीच्या इतर जाळ्यांवरहि चालण्याजोगा होता. परंतु दुसऱ्या कंपनीचें सिमकार्ड घातलें, तर आज्ञावलींतील कुलूप त्यास अडवी. ऑगस्टांत न्यू जर्सींतील १७ वर्षांच्या जॉर्ज हॉट्झ यानें डाख देऊन तें कुलूप उघडलें. सप्टेंबरांत ॲपलनें इशारा दिला, आणि पुढील आज्ञावली घालतांच असे कित्येक फोन निर्जीव झाले.

जर्मनींत नोव्हेंबर २००७ मध्यें व्होडाफोननें हँबुर्गच्या न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळविला. तेव्हां करारासह ३९९ युरोंस मिळणारा फोन टी-मोबाइलनें बिनकुलुपाचा ९९९ युरोंस विकावयास काढला! डिसेंबरांत हुकूम उठला, आणि ती विक्रीहि थांबली. जाळ्याच्या रक्षणाची जुनी सबब थोडीफार तरी पटण्याजोगी होती. येथें मात्र केवळ हिशेबाचाच प्रश्न होता, असें आमचें मत आहे.

अमेरिकेंत हा वाद १९९८ च्या ग्रंथस्वामित्वविषयक कायद्यांत जाऊन अडकला. त्यांतील अपवाद ठरविण्याचें काम काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालाकडे! ग्रंथपालानें २००६ सालीं दिलेली फोन उघडण्याची सवलत २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनांस उरली नाहीं. लोकांनीं ओरड केली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं नव्या कायद्यानें ती परत मिळाली. मात्र त्या कायद्यानें मालकास कुलूप काढण्याची मुभा दिली. कंपन्यांनीं तें घालूं नये, असें कांहीं म्हटलें नाहीं.