बर्लिनचे नगरचिन्ह
बर्लिनचे नगरचिन्ह : जर्मनीची राजधानी असलेल्या बर्लिन शहराचे अधिकृत ढालचिन्ह. रुपेरी ढालीवर मागील पायांवर उभे असलेले काळे अस्वल, त्याची जीभ व नख्या तांबड्या आणि ढालीच्या वर सोनेरी मुकुट, असे त्याचे स्वरूप आहे.

मध्ययुगीन यूरोपात नगरपरिषदेच्या दस्तऐवजास तिच्या मुद्रेमुळे प्रामाण्य येई. मुद्रेवरील आकृतीच बहुधा पुढे नगराच्या ढालीवर येत असे. बर्लिनच्या मुद्रेवर प्रथम ब्रांडेनबुर्गच्या मारग्राफांचा (सीमाप्रांताधिपतींचा) गरुड होता. अस्वल आढळते ते १२८० च्या मुद्रेवर. ही मुद्रा केसाळ कातडी कमावून त्यांची वस्त्रे बनविणाऱ्या कारागिरांच्या श्रेणीला दिलेल्या सनदेवर उमटविलेली असून, तीत गरुडाच्या दोन बाजूंस दोन अस्वले आहेत. अस्वलाच्या निवडीविषयी मतभेद आहेत. जर्मन भाषेत अस्वलास ‘बेअर’ म्हणतात. त्या शब्दाच्या व नगरनामाच्या उच्चारसाम्यावरून हे नामदर्शक चिन्ह घेतले असावे, असे एक मत आहे. मारग्राफपदाचा संस्थापक ‘अस्वल’ आल्ब्रेख्ट (सु. ११००–७०) याचे ते स्मारक असावे, असे दुसरे मत आहे. तथापि ‘बर्लिन’ हे नाव मूळचे स्लाव्ह असून दलदलीच्या भूमीचा निर्देश करणाऱ्या शब्दावरून आले असावे, असे भाषाभ्यासक मानतात. म्हणजे नावातून अस्वल निघाले नसून, नावाचा मूळ अर्थ लोप पावल्यावर अस्वल त्यास चिकटले, असे दिसते.

चौदाव्या शतकात अस्वल मुद्रेची मुख्य आकृती झाले. इलेक्टर दुसरा फ्रीड्रिख (कार. १४४०–७०) याने नगराचे स्वायत्त अधिकार संकुचित केले व स्प्रे नदीच्या बेटावर राजवाडा बांधण्यास आरंभ केला. १४४८ मध्ये नागरिकांनी बंड केले; पण ते मोडले. त्यानंतरच्या मुद्रेवर अस्वलाच्या पाठीवर बसलेला गरुड दिसतो. सत्ताधीशापुढे नगराने गमावलेल्या स्वातंत्र्याचे हे स्पष्ट चित्र होय. १७०९ मध्ये प्रशियाचा राजा पहिला फ्रीड्रिख याने बर्लिन, क्योल्न व इतर तीन नगरांचे एकीकरण करण्याचा आदेश दिला. नव्या चिन्हात दोन गरुड वर व गळपट्टा घातलेले अस्वल खाली होते. १८७५ मध्ये गळपट्टा काढून टाकण्यात आला. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गरुडही वगळले जाऊन अस्वल एकटेच राहिले.

दुसऱ्या महायुद्धानंतर विभागलेल्या शहराच्या दोन्ही भागांनी अस्वल कायम ठेवले. पश्चिम बर्लिनने १९५४ मध्ये स्वीकारलेले चिन्ह १९९० च्या जर्मन एकीकरणानंतर संपूर्ण शहराचे झाले. बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची ‘सुवर्ण अस्वल’ व ‘रौप्य अस्वल’ ही पारितोषिके याच प्रतीकावरून पडली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटास १९५८ मध्ये रौप्य अस्वल मिळाले होते.