डबल स्टँडची गोष्ट

दुचाकी चालताना पडत नाही, थांबली की पडते. सायकल शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हे गुडघे फोडून घेतल्यावर कळते. चालताना ती का पडत नाही, यावर गेल्या सव्वाशे वर्षांत गणितज्ञांनी आणि भौतिकशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. थांबल्यावर ती पडू नये म्हणून माणसाने काय काय केले, याकडे मात्र फारसे कुणी लक्ष दिलेले दिसत नाही. आम्हीही दिले नसते. पण वडिलांची १९६४ सालची बुलेट आमच्याकडे आली, आणि तिच्या डबल स्टँडने आम्हांला एक धडा शिकवला. तो धडा सांगण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू.

गॉटलिब डेमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली जर्मनीत कानश्टाट येथे पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनवली. लाकडी सांगाडा, २६४ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि जेमतेम अर्धा अश्वशक्ती जोर. या गाडीला स्टँड नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटे आधाराचे चाक होते. लहान मुलांच्या सायकलला आपण लावतो, तसे. तेव्हा काटेकोरपणे मोजायचे तर ही दुचाकी चार चाकांची होती! डेमलर यांना इंजिनाची परीक्षा घ्यायची होती, चालकाच्या तोल सांभाळण्याच्या कौशल्याची नव्हे. मूळ गाडी १९०३ साली कारखान्याला लागलेल्या आगीत जळाली. आज संग्रहालयांत दिसतात त्या तिच्या प्रतिकृती.

१८९४ साली म्युनिकमध्ये हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी मोटारसायकली बनवायला घेतल्या. त्यांच्या इंजिनाचे दट्टे आगगाडीच्या इंजिनाप्रमाणे दांड्यांनी थेट मागच्या चाकाला जोडलेले होते. मध्ये क्लच नाही, गिअर नाही. म्हणजे इंजिन चालू असेल तर चाक फिरणारच आणि चाक थांबले की इंजिन बंद. गाडी सुरू करायची तर ढकलत पळायचे आणि वर उडी मारायची.

पुढे पट्ट्याने चाक फिरवणाऱ्या, सायकलसारखे पायडल असलेल्या गाड्या आल्या. त्यांतही बरीच वर्षे क्लच नव्हता. इथे स्टँडला एक वेगळेच काम मिळाले. मागच्या चाकाच्या आसापाशी, फ्रेमच्या टोकांना इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा एक स्टँड बिजागरीने जोडलेला असे. तो खाली पाडून गाडी मागे ओढली की मागचे चाक हवेत उचलले जाई. मग जागच्या जागी पायडल मारून चाक फिरवायचे, त्याबरोबर इंजिन फिरे आणि सुरू होई. गाडी उभी करण्याइतकाच तिला जागे करण्यासाठीही स्टँड लागत होता. पंक्चर काढायलाही तोच उपयोगी. अनेक गाड्यांच्या मागच्या मडगार्डचा शेवटचा तुकडा उचलता किंवा सोडवता येई, म्हणजे स्टँडवर लावलेल्या गाडीचे चाक सरळ मागे ओढून काढता येत असे. गाडी चालताना हा स्टँड मडगार्डवरच्या एका चिमट्यात अडकवून ठेवत. चिमटा सैल झाला की स्टँड रस्त्यावर पडून फरफटत जाई. सुदैवाने तो मागच्या बाजूला लोंबकळत असल्याने जमिनीत रुतत नसे. आवाज आणि ठिणग्या यांवरच भागे.

हा मागचा स्टँड गेला आणि इंजिनाच्या मागे, फ्रेमच्या तळाशी बसणारा मधला स्टँड आला, तो एका दिवसात नव्हे. १९३० नंतरच्या दशकात काही कारखान्यांनी असे स्टँड द्यायला सुरुवात केलीच होती. पण मागच्या चाकाला स्प्रिंगा आल्या तेव्हा जुन्या स्टँडचा पायाच गेला. पूर्वी मागचे चाक फ्रेमला घट्ट जखडलेले असे, त्यामुळे आस, फ्रेम आणि मडगार्ड यांच्यातले अंतर कायम राही. आता आस खड्ड्याखड्ड्याला वरखाली होऊ लागला आणि मडगार्ड मात्र फ्रेमबरोबर राहिला. एक टोक हलत्या आसापाशी आणि दुसरे स्थिर चिमट्यात, असा स्टँड टिकणार कसा? शिवाय चाकाबरोबर नाचणारे वजन जितके कमी, तितके स्प्रिंगांचे काम चांगले होते. तेव्हा स्टँडला फ्रेमकडे सरकावे लागले.

आमच्या बुलेटचा जन्म नेमका याच संक्रमणातला. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीने १९४८ साली झुलत्या मागच्या भुजेची नवी बुलेट कोलमोर कप या खडतर चाचणी-शर्यतीत उतरवली. शर्यतीच्या गाडीला मागे स्प्रिंगा हव्यात कशाला, असे जुन्या खेळाडूंचे मत होते. पुढच्या वर्षी ती बाजारात आली. भारतीय लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी ती पसंत पडली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर भागीदारीत ‘एनफिल्ड इंडिया’ स्थापन झाली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे गाड्या तयार होऊ लागल्या. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि १९७० पर्यंत मूळ इंग्लिश कंपनीच संपली. मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली. त्यामुळे साठ वर्षांपूर्वीच्या आपल्याकडच्या बुलेटखाली वाकून पाहिले, तर चाळिशीच्या दशकातला इंग्लिश विचार जसाच्या तसा दिसतो.

आता त्या विचारातले भौतिकशास्त्र. सोयीसाठी गाडीचे वजन १६० किलो धरू. दोन चाकांच्या आसांमधले अंतर १३७ सें.मी., गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून ७२ सें.मी. मागे आणि मधला स्टँड ८५ सें.मी.वर आहे असे मानू. मागचे चाक हवेत असताना पुढच्या चाकाच्या टेकणाभोवती आघूर्ण काढले, तर मधल्या स्टँडवर १६० × ७२ ÷ ८५, म्हणजे सुमारे १३५ किलो भार येतो. तोच स्टँड जुन्या पद्धतीने मागच्या आसाखाली असता तर १६० × ७२ ÷ १३७, म्हणजे ८४ किलो. मग मधला स्टँड हा तोट्याचा सौदा नव्हे काय? विद्यार्थ्यांना इथेच थांबवून विचार करायला लावावे. मागचे चाक ५ सें.मी. उचलायचे तर मागच्या स्टँडला ८४ किलो भार ५ सें.मी. उचलावा लागतो. मधल्या स्टँडपाशी मात्र फ्रेम फक्त ३.१ सें.मी. वर जाते, कारण तो पुढच्या चाकाच्या अधिक जवळ आहे. दोन्ही गुणाकार करून पाहा: उत्तर साधारण ४२० किलो-सेंटिमीटर, सारखेच. तरफेने कुणालाही काही फुकट मिळत नाही.

हे कार्य किती? सुमारे ४१ ज्यूल. म्हणजे चार किलो पिठाचा डबा जमिनीवरून एक मीटर उंच फळीवर ठेवण्याइतके. तरी बुलेट डबल स्टँडला लावताना धडधाकट माणूस घामाघूम होतो. कारण तो हातांनी ओढतो. स्टँडला बाहेर आलेली जी कांब असते, तिच्यावर साठ किलोच्या माणसाने सगळे वजन टाकून उभे राहिले आणि पाय ७ सें.मी. खाली गेला, तर ६० × ७ = ४२० हे काम पुरे होते. हातांनी गाडी फक्त सरळ धरायची. आमचे वडील शरीराने किरकोळ होते, पण चहाचा कप खाली ठेवावा तितक्या सहज गाडी स्टँडला लावीत. (प्रत्यक्षात थोडे जास्तच कार्य लागते. फ्रेम उचलली की स्प्रिंगांमुळे मागचे चाक दोन-तीन सें.मी. खाली लोंबते, आणि तेवढी उंची आणखी गाठावी लागते.)

पण खरी गंमत पुढे आहे. स्टँडचे पाय गाडीला वर उचलतात आणि मग ती तिथे राहते, ती कशामुळे? पाय मागून पुढे फिरत येतात. ते बरोबर उभे असतात तेव्हा गाडी सर्वांत उंच असते. पण तो अस्थिर समतोल. पाय तिथे न थांबता सुमारे १० अंश पुढे जातात आणि तिथे फ्रेमवरच्या एका टेकणावर अडतात. गाडी शिखर ओलांडून पलीकडच्या बाजूला किंचित उतरते आणि तिचे स्वतःचेच वजन स्टँडला टेकणावर दाबून धरते. विजेच्या बटणाचा खटका किंवा बरणीच्या झाकणाचा तारेचा चाप याच तत्त्वावर चालतो. पायाची लांबी ३० सें.मी. असेल तर हे उतरणे ३० × (१ − कोज्या १०°), म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा खळग्यात १६० किलोची गाडी विसावलेली असते.

आमच्या गाडीचा हा खळगा बिघडला होता. पन्नासेक वर्षांत टेकण झिजले होते, बोल्टची भोके लंबगोल झाली होती आणि पायांचे तळवे घासून गेले होते. टेकण बिजागरीपासून ४ सें.मी.वर आहे, ते २ मि.मी. झिजले की ३० सें.मी. लांबीच्या पायाचे टोक १५ मि.मी. पुढे सरकते. त्यात बोल्टचा ढिलेपणा मिळवा. पाय १० ऐवजी २० अंशांपर्यंत जाऊ लागले, गाडी सव्वा सेंटिमीटरहून अधिक खाली बसली आणि मागचे चाक जमिनीला टेकले. चेनला तेल घालायचे तर चाक फिरेना.

आम्ही स्टँड सोडवून एका वेल्डिंगवाल्याकडे नेला. त्याने भोकांत नवे बुश बसवले, तळव्यांना पट्ट्या लावल्या आणि टेकणावर भरपूर भर टाकली. गाडी ताठ, उंच उभी राहिली. आम्ही खूश झालो. त्याच संध्याकाळी शेजारचा सहावीतला मुलगा गाडी पाहायला आला आणि सीटला मागून टेकून उभा राहिला. गाडी पुढे सरकली, स्टँडवरून उतरली आणि डाव्या अंगावर आडवी झाली. मुलगा मागच्या बाजूला होता म्हणून त्याचा पाय वाचला. गाडीच्या कडेला असता तर वाचला नसता.

दोष कारागिराचा म्हणावा तर त्याला आम्ही ‘चाक चांगले वर आले पाहिजे’ एवढेच सांगितले होते. वर्गात आघूर्ण शिकवणाऱ्या आम्ही कोन मोजला नव्हता. दुसऱ्या दिवशी मोजला. बिजागरीच्या बोल्टवरून ओळंबा सोडला आणि तो जमिनीला जिथे टेकतो, तिथून पायाच्या टेकणापर्यंतचे आडवे अंतर घेतले. १० अंशांसाठी ते ५.२ सें.मी. हवे. आमचे आले १.६ सें.मी.; म्हणजे फक्त ३ अंश. खळग्याची खोली साडेचार मिलिमीटरवरून अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली गेली होती. गाडी स्टँडवरून उतरवायला लागणारा पुढचा जोर म्हणजे ढोबळमानाने भार गुणिले कोनाची स्पर्शज्या: १० अंशांना सुमारे २४ किलो, ३ अंशांना ७ किलो. त्यात आमच्या अंगणाला पाणी वाहून जावे म्हणून मीटरला दोन सेंटिमीटर उतार आहे, आणि गाडीचे तोंड नेमके उताराकडे होते. तो सव्वा अंशाच्या आसपासचा उतार वजा केला की साडेचार किलोंच्या आतबाहेर जोर उरतो. एक मूल रेलले की तेवढा होतो.

उपाय सोपा होता, कंटाळवाणा होता. कानस घेऊन टेकणावरची भर थोडी थोडी घासायची, स्टँड बसवायचा, ओळंबा लावायचा, पुन्हा काढायचा. दोन्ही पायांची टेकणे एकाच वेळी लागली पाहिजेत, नाहीतर सगळा भार एकावर येऊन स्टँड पिळवटतो. हे आम्हांला तिसऱ्या फेरीत उमजले. सहा फेऱ्या झाल्या.

मग स्प्रिंग. गाडी चालताना स्टँडला वर धरून ठेवणारी ही स्प्रिंग इतकी ताठ असते की नुसत्या हाताने ताणून आकड्यात अडकवणे जमत नाही. पक्कड निसटली तर डोळ्याला इजा होते. जुन्या मिस्त्रींची एक युक्ती आहे. स्प्रिंग शिकंजात धरून एका अंगाला वाकवायची. त्या बाजूचे वेढे उघडतात, त्यांत एकेक वायसर सरकवायचा. मग दुसऱ्या अंगाला वाकवून तसेच. दीड मिलिमीटरचे वीस वायसर घातले की स्प्रिंग ३ सें.मी. लांब होऊन तशीच राहते. आता ती आरामात आकड्यांत अडकवायची आणि स्टँड खाली ओढायचा. स्प्रिंग आणखी ताणली जाते आणि वायसर खळाखळा गळून पडतात. वीस घातले असतील तर वीस मोजून घ्यावेत. एखादा वेढ्यात अडकून राहिला तर पुढे कधीतरी चालत्या गाडीतून चेनकडे उडायचा. स्थितिस्थापकतेच्या तासाला एकमेकांना चिकटलेल्या वेढ्यांची छोटी स्प्रिंग आणि कागदाचे कपटे घेऊन हा प्रयोग वर्गात करता येतो.

आजच्या अनेक मोटारसायकलींना डबल स्टँड नसतोच. वजन आणि किंमत वाचते, आणि बाजूच्या स्टँडवर काम भागते. बाजूचा स्टँड खाली असताना इंजिन सुरूच होऊ नये अशी विजेची सोयही अनेक गाड्यांत असते. आमच्या बुलेटला असे काही नाही. तिचा कोन आता साडेनऊ अंश आहे आणि मागच्या चाकाखालून वर्तमानपत्राची घडी सरकते. अंगणात ती आम्ही तोंड चढाकडे करून लावतो. शेजारचा मुलगा यंदा दहावीला आहे. परवा ओळंबा त्यानेच धरला होता.