टाकी भरली, हे पंपाला कसं कळतं?
छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत जायकवाडी धरणाचं पाणी येतं. कारखान्यात ते टाक्यांत साठवतात आणि पातळीवर लक्ष ठेवतो लेव्हल प्रोब. साध्या प्रोबमध्ये कमी-जास्त लांबीच्या स्टीलच्या सळया असतात. पाणी वरच्या सळईला टेकलं की पाण्यातून किंचित वीज वाहते आणि रिले भरणारा पंप बंद करतो. तेलातून वीज वाहत नाही, म्हणून तिथे कपॅसिटन्स प्रोब वापरतात.

प्रोब कुठे बसवला, हे महत्त्वाचं. पाणी पडणाऱ्या पाइपाखाली किंवा ढवळणाऱ्या पंख्याजवळ बसवला, तर लाटा आणि फेसामुळे तो चुकीची पातळी दाखवतो. उपसा थांबवणाऱ्या सळईचं टोक सक्शन पाइपाच्या तोंडापेक्षा वर हवं. खाली गेलं, तर पंप कोरडा चालून जळू शकतो.