दफनभूमी आणि मृत्यू नोंदवही : आपल्या घराण्याचा शोध कसा घ्यावा?

दरवर्षी २ नोव्हेंबर रोजी, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपण दफनभूमीत जाऊन आपल्या प्रियजनांच्या कबरीवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो व प्रार्थना करतो. मात्र आजी-आजोबांच्या पलीकडील पूर्वजांची नावे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येतात. ती नावे शोधण्याचा मार्ग कोणता, याविषयी वसई परिसरातील धर्मग्रामांच्या संदर्भात येथे माहिती देत आहोत.

कबरीवरचा दगड पुरेसा नाही

घराण्याचा शोध घेणारा मनुष्य प्रथम दफनभूमीकडे वळतो. तेथे बहुधा निराशाच पदरी पडते. शेतकरी व मच्छीमार कुटुंबांच्या कबरींवर पूर्वी लाकडी क्रूस उभारला जाई आणि काही पावसाळ्यांत तो कुजून जाई. कोरलेला दगड बसविणे ही सधन घरांनाच परवडणारी गोष्ट होती. शिवाय जागा अपुरी असल्याने अनेक दफनभूमींत काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडली जाते व जुन्या अस्थी अन्यत्र हलविल्या जातात. म्हणून कबर सापडली नाही, याचा अर्थ आपला पूर्वज त्या गावचा नव्हता, असा होत नाही.

वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चेसमध्ये पोर्तुगीज शिलालेख असलेले थडग्यांचे दगड आजही पाहावयास मिळतात. 'सेपुल्तुरा द' म्हणजे 'अमक्याची कबर' आणि 'सेउस एर्देइरोस' म्हणजे 'त्याचे वारस'. हे दोन्ही शब्द एकत्र आले तर ती कबर संपूर्ण घराण्यासाठी राखलेली होती, असे समजावे. पण हे दगड मुख्यतः उच्चपदस्थांचे आहेत. सामान्य शेतकऱ्याचे नाव शोधायचे तर धर्मग्रामाची मृत्यू नोंदवहीच उघडली पाहिजे.

नोंदवहीचा इतिहास

१६१४ साली पोप पाचवे पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या रोमन विधिग्रंथात मृतांच्या नोंदीचा नमुना घालून देण्यात आला. मृताचे नाव, त्याचा पिता किंवा पती, गाव, वय, मृत्यूचा दिवस, कोणते अंतिम संस्कार मिळाले आणि दफन कोठे झाले, एवढे तपशील त्यात अपेक्षित होते. १९८३ च्या धर्मविधी संहितेनेही (कलम ५३५) प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन करण्याचा नियम केला आहे.

वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आली व १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी ती जिंकली. त्या युद्धकाळात अनेक चर्चेस उद्ध्वस्त झाली. त्यामुळे शोधाची सुरुवात तेथून न करता अलीकडच्या काळाकडून मागे मागे जाणे श्रेयस्कर ठरते.

धर्मप्रांताच्या सीमा वेळोवेळी बदलल्या, हेही ध्यानात ठेवावे. हा भाग प्रदीर्घ काळ गोव्याच्या महाधर्मप्रांताखाली होता. १८८६ मध्ये दमण धर्मप्रांत स्थापन झाला व तो १९२८ मध्ये बरखास्त होऊन आपला भाग मुंबई महाधर्मप्रांतात आला. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. १९१७ च्या संहितेनुसार धर्मगुरूंनी नोंदवह्यांची प्रत दरवर्षी बिशपांच्या कार्यालयाकडे पाठवावी, असा नियम होता. म्हणून गावातील वही जीर्ण झाली असल्यास त्या काळच्या धर्मप्रांताच्या दप्तरात प्रतीविषयी चौकशी करण्यास हरकत नाही.

शोधाची रीत

समजा, आपले आजोबा १९६२ साली ख्रिस्तवासी झाले आणि मृत्यू नोंदीत त्यांचे वय ७० लिहिले आहे. म्हणजे त्यांचा जन्म १८९२ च्या सुमारास झाला असावा. परंतु पूर्वी वय अंदाजाने, बहुधा दहाच्या पटीत, सांगितले जाई. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद १८८७ ते १८९७ या सर्व वर्षांत पाहावी. तेथे त्यांच्या माता-पित्यांची व धर्ममाता-धर्मपित्यांची नावे मिळतील. काही पोर्तुगीज नोंदींत आजी-आजोबांचीही नावे असतात. त्यानंतर माता-पित्यांच्या विवाहाची नोंद आणि पुढे त्यांच्या मृत्यूची नोंद, अशा क्रमाने एकेक पिढी मागे जाता येते.

मृत्यूचा दिवस व दफनाचा दिवस वेगवेगळा असू शकतो. दोन्ही लिहून घ्यावेत. विवाहित स्त्रीची नोंद तिच्या सासरच्या धर्मग्रामात शोधावी. नोकरीनिमित्त मुंबईस गेलेल्यांचे दफन पुष्कळदा तेथेच झालेले असते.

नोंदींची भाषा

जुन्या नोंदी पोर्तुगीज अथवा लॅटिन भाषेत असतात. पुढील शब्द ओळखता आले तरी बरेचसे काम भागते.

पोर्तुगीज : ओबितु – मृत्यू, फालेसेउ – मरण पावला, सेपुल्तादु – दफन केलेला, फिल्यु – मुलगा, फिल्या – मुलगी, कझादु – विवाहित, सोल्तेइरु – अविवाहित, व्हियुव्हा – विधवा.

लॅटिन : ओबिइत – मरण पावला, सेपुल्तुस – दफन केलेला, फिलिउस – मुलगा, फिलिआ – मुलगी, उक्सोर – पत्नी, व्हिदुआ – विधवा.

महिन्यांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. ७ हा आकडा लिहून त्यापुढे 'ब्रो' किंवा 'बर' अशी अक्षरे असतील तर तो जुलै नसून सप्टेंबर होय, कारण लॅटिनमध्ये 'सेप्तेम' म्हणजे सात. त्याच रीतीने ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर व १० म्हणजे डिसेंबर.

घरात ज्यांना इनास, बस्त्याव, मनवेल म्हणत, त्यांची नावे वहीत अनुक्रमे इग्नासियु, सेबास्तियांव, मानुएल अशी लिहिलेली आढळतील. परेरा, डिसोजा, लोपीस, रॉड्रिग्ज ही आडनावे एकाच गावात अनेक घराण्यांची असतात. तेथे आळी, पाडा व घराण्याचे प्रचलित टोपणनाव हाच खरा दुवा ठरतो. हे टोपणनाव नोंदवहीत क्वचितच असते. ते वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणात असते.

साथीची वर्षे

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली व १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाने हाहाकार उडविला. अशा वर्षांच्या नोंदी विशेष लक्षपूर्वक वाचाव्यात. एकाच आडनावाखाली काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन मृत्यू दिसले तर ते एकाच घरातील असण्याचा संभव असतो. एखादी शाखा अचानक नाहीशी का झाली, याचे उत्तर तेथे मिळू शकते.

सरकारी दप्तर

धर्मग्रामाच्या नोंदींना सरकारी कागदांची जोड द्यावी. तहसील कार्यालयातील जुना गाव नमुना १४, ज्यास कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातील जन्म-मृत्यू नोंदलेले असत. जमिनीच्या फेरफारात व गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांची नावे येतात. चर्चची नोंद व फेरफार जुळले की नात्याविषयी शंका उरत नाही. वारसहक्काच्या कामीही याचा उपयोग होतो.

काही पथ्ये

संहितेनुसार नोंदवह्या परक्यांच्या हाती जाऊ न देणे हे प्रमुख धर्मगुरूंचे कर्तव्य आहे. म्हणून लेखी विनंती करावी, अंदाजे वर्षे कळवावीत व त्यांच्या सोयीची वेळ घ्यावी. वही स्वतः हाताळण्याचा आग्रह धरू नये. छायाचित्र घ्यावयाचे असल्यास परवानगी मागावी. एखाद्या नोंदीत कुणाच्या जन्माविषयी वा विवाहाविषयी नाजूक बाब आढळल्यास तिची गावभर वाच्यता करू नये.

कबरीचा दगड वाचताना तारेचा ब्रश, आम्ल अथवा खडू वापरू नये. मऊ कुंचला व स्वच्छ पाणी पुरेसे आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात.

आज हे काम करण्याची निकड आहे. दमट हवा, कसर व वाळवी यांनी जुने कागद खराब होत आहेत आणि घराण्यांची टोपणनावे सांगू शकणारी पिढी आपल्यातून निघून जात आहे. कागद व स्मरण यांपैकी एक जरी हरपले तरी दुसऱ्याचा अर्थ लागणे कठीण होते. म्हणून प्रथम घरातील ज्येष्ठांपाशी बसून त्यांना आठवतात ती नावे लिहून घ्यावीत व मग चर्चच्या कार्यालयात जावे.

मृतांसाठी प्रार्थना करणे हे ख्रिस्तसभेने दयेचे कृत्य मानले आहे. ज्यांच्या कबरीवर आज क्रूसही उरलेला नाही, त्यांची नावे येत्या नोव्हेंबरात आपल्या मिस्साच्या हेतूंत उच्चारली जावोत, हीच सदिच्छा.