मोटारीतला रेडिओ आणि त्याची भूक

मंडळी, वरातीच्या जीपगाडीतली गाणी तुम्ही ऐकली असतील. आवाज बेताचा असतो तोवर सारे ठीक चालते. मग कोणी हौशी माणूस बटण पिळतो, गाण्यात ढोलकीची थाप पडते, आणि यंत्र एकदम मुके होते! क्षणभराने पुन्हा बोलू लागते. मालक म्हणतो, "यंत्र बिघडलं, नवं घ्यायला हवं." पण पैसे मोजण्याआधी या यंत्राचा इतिहास ऐका. रोगाचे मूळ त्यातच सापडते.

मोटारीत रेडिओ बसवणाऱ्यांना अगदी पहिल्यापासून छळले ते विजेच्या पुरवठ्याने. त्या काळच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. त्यांना शंभराहून अधिक व्होल्टचा दाब लागे, आणि गाडीची बॅटरी होती अवघी ६ व्होल्टची! म्हणून रेडिओसाठी कोरड्या बॅटऱ्यांचे वेगळे ओझे गाडीत वाहावे लागे. त्या संपल्या की नव्या विकत घ्या.

अमेरिकेत शिकागो शहरी पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी १९२८ साली एक कारखाना काढला. बॅटरीवरचा रेडिओ घरच्या विजेवर चालवण्याचे साधन ते करीत. १९३० साली त्यांनी मोटारीचा रेडिओ सिद्ध केला. अटलांटिक सिटी येथे रेडिओ कारखानदारांचे संमेलन भरले होते. पॉल गॅल्विन गाडी घेऊन तिथे गेले. आत मांडणीची जागा नव्हती, म्हणून त्यांनी गाडी बाहेरच उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावला. लोक जमले, मागण्या आल्या. त्या रेडिओचे नाव 'मोटोरोला'. पुढे १९४७ साली कंपनीनेच ते नाव घेतले.

त्यानंतरच्या काही वर्षांत कोरड्या बॅटऱ्यांचे ओझे गेले. त्यांच्या जागी 'व्हायब्रेटर' आला. त्यातली धातूची पातळ पट्टी सेकंदाला शंभरावर वेळा थरथरून गाडीच्या बॅटरीचा प्रवाह तोडी आणि जोडी. मग ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवी. सोय झाली खरी. पण सगळी भूक आता गाडीच्या एकाच बॅटरीवर आली. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या. दाब दुप्पट झाला की तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा पुरतो. त्याच वर्षी क्रायस्लर कंपनीने केवळ ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ पुढे आणला. त्याला व्हायब्रेटरची गरजच उरली नाही, आणि भूकही घटली.

पण माणसाची हौस कुठे थांबते? फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली, पुढे ती गाडीत आली, मग मोठे अँप्लिफायर आणि मोठे स्पीकर आले. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. जुनी भूक पुन्हा जागी झाली!

आता आपल्या वरातीच्या गाडीकडे या. जर्मनीचे गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली सांगितलेला नियम इथे लावू. समजा, गंजलेल्या जोडामुळे तारेत ०.१ ओहमचा अडथळा आहे. हळू आवाजात ५ अँपियर प्रवाह वाहिला, तर वाटेत अर्धाच व्होल्ट हरवतो. मोठ्या आवाजात ३० अँपियर खेचले, तर ३ व्होल्ट हरवतात. बॅटरीशी १२.५ असलेला दाब यंत्रापाशी ९.५ उरतो. आतली रक्षक योजना यंत्र बंद करते. मागणी थांबली की दाब चढतो आणि यंत्र पुन्हा सुरू होते. पाट फुटका असला तर विहिरीला दोष देऊन काय उपयोग?

तेव्हा असे करा. गाणे मोठ्याने चालू असताना व्होल्टमीटर आधी बॅटरीला लावा, मग अँप्लिफायरच्या टोकांना. बॅटरीशी दाब टिकतो आणि यंत्राशी कोसळतो, तर दोष तारेत, जोडात किंवा गाडीच्या अंगाला जोडलेल्या अर्थिंगमध्ये आहे. तिथला रंग खरवडा, गंज काढा, बोल्ट घट्ट आवळा, जाड तार घाला. दोन्हीकडे कोसळतो, तर बॅटरी किंवा तिचे चार्जिंग तपासा. दाब ठीक आहे, पण बऱ्याच वेळाने यंत्र बंद पडते आणि निवल्यावर चालते, तर ते तापते आहे. त्याला वारा मिळू द्या. चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की दोनच ओहम होतात आणि प्रवाह दुप्पट खेचला जातो, हेही पाहा. आणि फ्यूज उडतो म्हणून जाड फ्यूज कधीही घालू नका. तार तापून गाडी पेट घेईल.

शिक्षकबंधूंनो, हा धडा वर्गात सहज दाखवता येईल. टॉर्चचा एक जुना सेल घ्या. त्याला एक बल्ब जोडा, मग शेजारी समांतर दुसरा, तिसरा. पहिला बल्ब मंद होत जाईल. मुलांना विचारा, "बल्ब तर चांगला आहे, मग उजेड का घटला?" उत्तर ज्याला सापडेल, तो पुढे गाडीचे चांगले यंत्र उगाच फेकून देणार नाही.