खोलीचा प्रश्न : ब्रिटनमधील दंतवैद्यकाचे निरंतर शिक्षण आणि भाड्याची प्रशिक्षणगृहे

प्रास्ताविक

दंतवैद्यकाच्या इतिहासलेखनात शोधांना, उपकरणांना आणि कायद्यांना पुरेसे स्थान मिळालेले आहे. ज्या खोलीत हे शास्त्र प्रत्यक्ष हाताला शिकविले गेले, त्या खोलीची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. पदवी मिळून वीस वर्षे लोटलेल्या दंतवैद्याला एखादे नवे तंत्र आत्मसात करावयाचे असेल तर त्याने जावे कोठे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. ग्रंथालयातील वाचनाने त्याचे काम भागत नाही आणि स्वतःच्या दवाखान्यात रुग्णाच्या दातावर पहिला प्रयोग करणे नीतीला धरून नाही. त्याला पाणी, दाबाची हवा, सक्शन, दिवा आणि हात चुकला तरी ज्याला वेदना होणार नाही असा दात, इतक्या गोष्टी एकत्र असलेली जागा हवी असते. अशी जागा सहसा त्याच्या मालकीची नसते. ती कोणीतरी उपलब्ध करून द्यावी लागते, नाहीतर दिवसाच्या हिशेबाने भाड्याने घ्यावी लागते.

ब्रिटनमध्ये ही जागा प्रथम व्यवसायसंस्थेच्या शेजारी होती, पुढे शासनाच्या छत्राखाली आली आणि अखेर भाड्याच्या बाजारात गेली. या स्थित्यंतराचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. निरंतर शिक्षणाची कायदेशीर सक्ती आणि प्रशिक्षणगृहांचा बाजार या दोन्ही गोष्टी तेथे एकाच काळात वाढलेल्या दिसतात, म्हणून हे उदाहरण विशेष उद्बोधक आहे.

व्याख्यान आणि खुर्ची

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील दंतवैद्य गुरूच्या हाताखाली उमेदवारी करून तयार होत असे. १८५६ मध्ये लंडनला ओडोंटॉलॉजिकल सोसायटीची स्थापना झाली. १८५८ मध्ये सोहो स्क्वेअर येथे डेंटल हॉस्पिटल ऑफ लंडन उघडले आणि पुढच्याच वर्षी त्याला जोडून विद्यालय सुरू झाले. १८६० मध्ये रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने एल.डी.एस. ही परीक्षा घेण्यास आरंभ केला. सोसायटीच्या सभा आणि रुग्णालयातील उपचार एकाच वास्तूत चालत, ही बाब येथे महत्त्वाची आहे. संध्याकाळी ज्यावर निबंध वाचला जाई, ते दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच इमारतीतील खुर्चीवर पाहावयास मिळे. १८७४ मध्ये ही मंडळी लेस्टर स्क्वेअरला गेली तेव्हाही हे सान्निध्य टिकून होते.

अर्थात त्या काळी सरावाचे साधन म्हणजे धर्मादाय उपचारासाठी आलेला गरीब रुग्णच होता. नवशिक्याच्या चुकीची किंमत तोच मोजत असे. १८९४ मध्ये ऑस्वाल्ड फर्गस यांनी ‘फँटम’ पुढे आणला. धातूच्या दांड्यावर बसविलेले दोन जबडे आणि त्यांत रोवलेले दात, असे त्याचे साधे स्वरूप होते. आज दंत महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित असलेले ‘फँटम हेड’ हा त्याचाच वंशज होय. या साधनामुळे शिक्षणाची जागा रुग्णापासून प्रथमच वेगळी काढता आली. पुढे खोली भाड्याने देणे-घेणे शक्य झाले तेही यामुळेच, कारण रुग्ण भाड्याने मिळत नाहीत, जबडे मिळू शकतात.

१८७८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी सुरू केली. १९२१ च्या कायद्याने नोंदणीविना व्यवसाय करण्यास बंदी घातली. मात्र आधीपासून व्यवसायात असलेल्या अनेक अर्हताहीन व्यक्तींनाही नोंदवहीत सामावून घेण्यात आले. एकदा नाव नोंदले गेले की पुढे शिकलेच पाहिजे, असे बंधन दोन्ही कायद्यांत नव्हते.

शासनाची खोली

छायाचित्रणाच्या व्यवसायात अमाप धन मिळविलेल्या जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून लंडनमध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलला जोडून ईस्टमन डेंटल क्लिनिक १९३१ मध्ये उघडले. गरीब मुलांच्या दातांवर उपचार हा त्याचा मूळ हेतू होता. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा अस्तित्वात आली आणि तेथेच पदव्युत्तर शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था आकारास आली. नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी नव्हे, तर आधीच दंतवैद्य असलेल्यांसाठी खास जागा राखून ठेवण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होता.

त्याची निकडही तशीच होती. आरोग्य सेवा सुरू होताच कवळ्यांची मागणी इतकी वाढली की १९५१ मध्ये त्यांवर शुल्क लावावे लागले. त्या वादातून अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे राजकीय इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. व्यवसायाचे तंत्रही झपाट्याने पालटत होते. जेम्स मॉरिसन यांच्या १८७१ च्या पायाने चालवावयाच्या यंत्रापासून पट्ट्यावर फिरणाऱ्या विजेच्या यंत्रापर्यंतचा प्रवास संथ होता. १९५७ मध्ये जॉन बॉर्डन यांचा एअरोटर बाजारात आला आणि मिनिटाला काही हजार फेऱ्यांऐवजी सुमारे तीन लाख फेऱ्या घेणारे हत्यार दंतवैद्याच्या हाती आले. जोर देऊन दात कोरण्याची पंचवीस वर्षांची सवय आता घातक ठरू लागली. नव्या यंत्राला केवळ स्पर्श हवा होता आणि दात तापू नये म्हणून पाण्याचा फवारा हवा होता. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये आम्लाने दंतवल्क खरखरीत करून त्यावर राळ चिकटविण्याची रीत मांडली होती. १९६५ मध्ये स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे रोपण केले. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर ती विद्या जगभर पसरली. यांतील एकही गोष्ट केवळ ऐकून येणारी नव्हती.

१९६१ मध्ये ऑक्सफर्ड येथील क्राइस्ट चर्चमध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाविषयी भरलेल्या परिषदेनंतर जिल्हा रुग्णालयांत पदव्युत्तर केंद्रे उभी राहू लागली. १९६८ च्या आरोग्य सेवा कायद्यातील कलम ६३ अन्वये सामान्य व्यवसाय करणाऱ्या वैद्यांच्या व दंतवैद्यांच्या शिक्षणावर शासनाला खर्च करता येऊ लागला. ‘कलम ६३ चा अभ्यासक्रम’ हा शब्दप्रयोग त्या पिढीच्या ब्रिटिश दंतवैद्यांच्या तोंडी रुळलेला होता. तथापि या केंद्रांची रचना मुख्यतः वैद्यांच्या गरजेतून झाली होती. व्याख्यानगृह, ग्रंथालय आणि भोजनकक्ष एवढ्यावर वैद्याचे भागत असे, कारण प्रत्यक्ष पाहण्यासाठी वॉर्ड शेजारीच असे. दंतवैद्याला तो वॉर्ड निरुपयोगी होता. त्याची जागा शिक्षण रुग्णालयांतील फँटम हेडच्या खोल्यांत होती, आणि त्या मोजक्याच शहरांत होत्या.

खोलीला भाडे लागते

१९८० नंतर दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. दात किडण्याचे प्रमाण घटल्याने दंतवैद्यांची संख्या कमी करण्याचे धोरण आले आणि शिक्षणसंस्था बंद होऊ लागल्या. सोहो स्क्वेअरपासून चालत आलेले रॉयल डेंटल हॉस्पिटल १९८५ मध्ये बंद झाले. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलचे दंतविद्यालय बंद झाले आणि १९९४ मध्ये एडिंबरो येथील पदवी शिक्षण थांबले. विद्यार्थी घटले हे खरे. परंतु विद्यालयाबरोबर त्याची खुर्च्यांची खोलीही जाते आणि ती खोली परिसरातील सर्व जुन्या दंतवैद्यांच्याही उपयोगाची असते, याचा हिशेब धोरणकर्त्यांनी केलेला दिसत नाही. दुसरीकडे १९८८ च्या कायद्याने आरोग्य संस्थांना उत्पन्न मिळविण्याची मुभा दिली आणि १९९० च्या कायद्याने सेवेत अंतर्गत बाजार आणला. रुग्णालयातील रिकाम्या खोलीलाही आता दर लागू शकत होता.

या पार्श्वभूमीवर जनरल डेंटल कौन्सिलने २००२ पासून दंतवैद्यांना निरंतर व्यावसायिक शिक्षण सक्तीचे केले. पाच वर्षांत २५० तास आणि त्यांपैकी ७५ तास पडताळणीयोग्य, असा तो दंडक होता. २००८ पासून परिचारिका, तंत्रज्ञ, आरोग्यरक्षक आदी सहकारी वर्गही त्यात आला. २०१८ च्या सुधारणेनंतर दंतवैद्याला पाच वर्षांत १०० पडताळणीयोग्य तास, आरोग्यरक्षक व थेरपिस्ट यांना ७५ आणि परिचारिका व तंत्रज्ञ यांना ५० तास ठरविण्यात आले. उद्दिष्टे स्पष्ट हवीत, अपेक्षित फलित सांगितलेले हवे, गुणवत्तेवर लक्ष हवे, लेखी पुरावा हवा, अशा अटी घालण्यात आल्या. अभ्यासक्रमांना कौन्सिल स्वतः मान्यता देत नव्हती. सर्व अटी कागदाच्या होत्या, खोलीविषयी एकही नव्हती. हॉटेलच्या सभागृहात पडद्याकडे पाहत घालविलेला तास आणि फँटम हेडवर क्राऊनसाठी दात घासत घालविलेला तास, दोन्ही नोंदीत सारखेच भरतात. सक्तीच्या शिक्षणाचा सर्वांत गंभीर दोष हाच म्हणावा लागेल.

त्याचा आर्थिक परिणाम कोणाही संयोजकाला तत्काळ उमगतो. सभागृहात दोनशे माणसे बसतात. प्रशिक्षणगृहात बहुधा दहा-बारा, फार तर वीस जागा असतात. प्रत्येक जागेला हँडपीस, हवा, पाणी, सक्शन, दिवा आणि प्रशिक्षकाच्या हातावर रोखलेल्या कॅमेऱ्याचे चित्र दाखविणारा पडदा लागतो. मागच्या खोलीत कॉम्प्रेसर, निर्जंतुकीकरणाची सोय, शस्त्रक्रियेच्या वर्गासाठी डुकराचा जबडा ठेवण्यास शीतपेटी लागते. खोली घेताना विचारावयाचे प्रश्नही निराळे असतात. आपल्या वर्गाचे हँडपीस तेथील जोडणीला बसतात काय, कृत्रिम दात व बर भाड्यात धरले आहेत की वेगळे, मोडतोड कोणाच्या माथी, यंत्र बंद पडल्यास त्या दिवशी तंत्रज्ञ हजर असेल काय? पाचव्या जागेवरील सक्शन बंद असेल तर त्या प्रशिक्षणार्थीचा दिवस वाया जातो. त्याचे प्रमाणपत्र मात्र इतरांसारखेच निघते.

हा सगळा खर्च थोड्या माणसांत वाटला गेला की वर्गाचे शुल्क भरमसाट होते. येथेच साहित्य-उत्पादक कंपन्या पुढे येतात. त्यांची स्वतःची सुसज्ज प्रशिक्षणगृहे असतात आणि ती सवलतीने, कधी विनामूल्यही मिळतात. मात्र त्या टेबलावर एकाच कंपनीचे रोपण आणि एकाच कंपनीची राळ असते. शिकणाऱ्याचा हात ज्या साहित्यावर बसतो तेच तो पुढे विकत घेतो. म्हणजे खोलीचे भाडे माफ होत नाही. ते पुढील कित्येक वर्षांच्या खरेदीत वसूल होते. स्वतंत्र भाड्याच्या खोलीचे खरे मूल्य येथे आहे : तेथे कोणते साहित्य मांडावे हे शिक्षक ठरवू शकतो.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. आधुनिक दंतोपचार चार हातांनी होतो. दंतवैद्याइतकीच परिचारिका त्यात गुंतलेली असते. पण प्रशिक्षणगृहातील प्रत्येक जागा एका माणसासाठी आखलेली असते आणि शुल्कही दरडोई असते. परिणामी परिचारिकेचे ५० तास बहुतेक करून व्याख्यानांनीच भरून निघतात.

२५ मार्च २०२० रोजी इंग्लंडमधील नियमित दंतोपचार थांबविण्यात आले आणि ते ८ जूनला पुन्हा सुरू झाले. त्या काळात तास पडद्यावरून मिळत राहिले. खोल्यांना कुलपे होती, तरी नोंदी पूर्ण होत होत्या. खोलीवाचून तास भरता येतात, हे आधी सूचित होते. आता ते उघड झाले.

भारतीय संदर्भ

भारतात हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. आयोवा विद्यापीठातून पदवी घेऊन परतलेल्या डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. तेथे शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना थाटला, त्या वेळी मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय निघण्यास आणखी दहा वर्षे होती. ते १९३३ मध्ये सुरू झाले. आपल्याकडील दंतवैद्य कायदा १९४८ चा, म्हणजे ब्रिटिश आरोग्य सेवेच्याच वर्षाचा. निरंतर दंतशिक्षणाचे विनियम भारतीय दंत परिषदेने २००७ मध्ये केले, आणि परिषदेची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

ब्रिटनच्या उलट महाराष्ट्रात दंत महाविद्यालयांची संख्या गेल्या चार दशकांत वाढत गेली. प्रत्येकाला फँटम हेडची प्रयोगशाळा ठेवावी लागते आणि रविवारी व सुट्टीच्या महिन्यांत ती रिकामी असते. तरीही संघटनांचे कार्यक्रम मोठ्या प्रमाणात हॉटेलांच्या सभागृहांत भरतात, कारण तेथे गुण देता येतील अशी माणसे एकाच वेळी अधिक बसतात. प्रत्यक्ष सरावाचे वर्ग होतात तेव्हा टाके घालण्यासाठी व रोपणासाठी शेळीचा जबडा वापरला जातो. तो सकाळीच खाटकाकडून आणून दुपारपर्यंत बर्फात ठेवावा लागतो. हॉटेलचे व्यवस्थापन त्याला बहुधा राजी नसते. त्यामुळे असा वर्ग घ्यावयाचा तर संयोजकाला महाविद्यालयाची प्रयोगशाळाच मागावी लागते, आणि त्या दिवशी पाणी, हवा व विजेसाठी महाविद्यालयाच्या एका तंत्रज्ञाची सुट्टी रद्द करावी लागते.