गळ्याचा धर्म

हिंदुस्थानी कंठसंगीतात शिष्याला तालीम सुरू करण्याआधी त्याचा गळा पाहिला जाई. तंबोरा छेडून षड्ज लावायला सांगायचे आणि ऐकत राहायचे: आवाज कुठून निघतो, किती वेळ ठरतो, तार सप्तकात जाताना बारीक होतो की फाटतो, मंद्रात उतरताना भरतो की विरून जातो. किती चिजा पाठ आहेत, हा प्रश्न नंतरचा. या पारखीला जाणकारांच्या बोलण्यात एक नेमका शब्द आहे: ‘गळ्याचा धर्म’. कुठला गळा ठेहरावाचा, कुठला फिरतीचा, कोणी गमक करावी आणि कोणी मींड सांभाळावी, हे या धर्मावर ठरते.

घराण्यांचा इतिहास बहुधा वंशावळी आणि दरबार यांच्या आधारे सांगितला जातो. पण तो गळ्यांचाही इतिहास आहे. घराण्याची वैशिष्ट्ये त्याच्या मूळ गायकाच्या आवाजाच्या ठेवणीतून आली, हा विचार वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ या ग्रंथात मांडला. महाराष्ट्र आणि त्याला लागून असलेला धारवाडचा प्रदेश इथल्या शंभर वर्षांकडे पाहिले की त्याची साक्ष वारंवार पटते. विशेष म्हणजे ती आवाज सहज चालत होता त्या दिवसांतून कमी मिळते आणि आवाज अडला, फुटला किंवा बदलला त्या दिवसांतून जास्त.

ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकून ते परतले. दम्यामुळे त्यांना मुंबईची हवा मानवली नाही आणि अखेर मिरजेच्या कोरड्या हवेत त्यांनी शिष्य तयार केले. त्यांच्यातले एक होते कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर. लहानपणी दारूकामाच्या अपघातात डोळ्यांना इजा झाल्याने त्यांचे शाळेतले शिक्षण थांबले आणि त्यांना मिरजेस गाणे शिकायला पाठवण्यात आले. कीर्तनकाराच्या घरातल्या या मुलाकडे गाण्याचा कान आणि खणखणीत आवाज होताच, पण कष्टाची आणि शिस्तीची ओढ ही त्याची खरी दौलत ठरली. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी इयत्तावार शिक्षण सुरू केले. त्या संस्थेतून बाहेर पडलेला प्रत्येक जण गवई झाला नाही आणि तसा हेतूही नव्हता. ज्याचा गळा मैफलीचा नाही त्यालाही शिक्षक किंवा जाणता श्रोता म्हणून संगीतात जागा मिळाली, हा बदल फार मोठा होता.

जुन्या तालमीत दिवसाची सुरुवात पहाटे खर्जाने होई. शिष्य तंबोरा घेऊन बसे, षड्जावरून मंद्रातल्या निषादावर, धैवतावर, पंचमावर एकेक पायरी उतरे आणि प्रत्येक सूर एका श्वासात पुरवी. झोपेतून उठलेला आवाज आधी घोगरा असतो, हलतो, मध्येच तुटतो. अर्ध्या तासाने तो मोकळा होतो आणि तंबोऱ्याच्या जवारीत मिसळू लागतो. मग पलटे: तीन-तीन, चार-चार सुरांच्या साखळ्या, आधी ठाय लयीत, मग दुगुणीत, चौगुणीत. ही नुसती कसरत नव्हे. महिनोन् महिने तेच पलटे ऐकणाऱ्या गुरूला समजत जाते की या गळ्याला कुठल्या सुरावर विसावायला आवडते आणि कुठल्या वळणावर तो ठेचकाळतो. शिष्यालाही ते हळूहळू समजते, पण उशिरा. आपल्याच गळ्याचे गुण आपल्या कानाला सर्वांत शेवटी ऐकू येतात.

किशोरवयात आवाज फुटणे ही प्रत्येक मुलाच्या वाट्याला येणारी घटना. नाटक मंडळीत मात्र तिच्यावर पोट अवलंबून असे, कारण स्त्रीभूमिका आणि पदे कोवळ्या आवाजाच्या मुलांकडे असत. भास्करबुवा बखले किर्लोस्कर नाटक मंडळीत असेच गाजले होते. आवाज फुटला आणि तिथली जागा गेली. त्यांनी बडोद्याला फैजमहंमद खाँ, पुढे आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि शेवटी अल्लादियाखाँ अशी तालीम घेतली. एका घराण्यातून दुसऱ्यात जाणे त्या काळी सोपे नव्हते. तीन गायक्या पचवल्यामुळे भास्करबुवा दुसऱ्याचा गळा ओळखण्यात पारंगत झाले. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, त्यांचे शिष्य. बालगंधर्वांच्या गळ्यातला अंगचा गोडवा आणि लहान-लहान हरकती सहज घेण्याची लवचीकता हे रंगभूमीचे धन आहे, हे बुवांनी हेरले होते. 1916 मध्ये आलेल्या ‘संगीत स्वयंवर’च्या पदांना त्यांनी ख्यालाच्या बंदिशींवरून चाली दिल्या. त्या या गळ्यासाठीच बेतल्यासारख्या आहेत: राग शुद्ध, विस्तार आटोपशीर आणि प्रत्येक ओळीत आवाजाला खुलायला जागा.

गळ्याचा धर्म नव्याने शोधावा लागण्याचे सर्वांत मोठे उदाहरण अल्लादियाखाँ यांचे. त्यांचा जन्म 1855 सालचा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. घराणे धृपद-धमाराचे. चुलते जहांगीरखाँ यांच्याकडून त्यांनी धृपदांचा आणि ख्यालांचा प्रचंड साठा घेतला. तरुणपणी आवाज उत्तम होता. आमलेटा या संस्थानात मात्र राजाच्या हौसेपायी अति गावे लागले आणि आवाज बसला. तो पूर्वीसारखा कधीच परत आला नाही. गवयाच्या आयुष्यात याहून मोठी आपत्ती नाही, आणि पुष्कळांनी अशा वेळी तंबोरा खुंटीला टांगला असता.

खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाचा हिशेब मांडला. गोडवा आणि झेप कमी झाली होती. पण बुद्धी शाबूत होती, लयीवर हुकमत होती, रागांचे आणि धृपद-अंगाचे ज्ञान अफाट होते. मग गाणे त्या बळावर उभे राहिले. लांबलचक संथ आलापीऐवजी मध्याकडे झुकणारी लय आली, म्हणजे गाण्याचा तोल तालावर राहतो आणि आवाजावर फार वेळ भार पडत नाही. तान सरळ रेषेत वर-खाली धावण्याऐवजी वळणे घेत, एक सूर दुसऱ्यात अडकवत, अनपेक्षित ठिकाणाहून समेकडे येऊ लागली. अनवट आणि जोडराग पुढे आले, कारण तिथे ऐकणाऱ्याचे लक्ष सुरांच्या मांडणीवर खिळते. आज त्यांच्या जयपूर-अत्रौली गायकीची लक्षणे म्हणून विद्यार्थी जे पाठ करतात त्यातले बरेचसे असे दुखावलेल्या गळ्यातून घडले आहे. हे मानले की त्या गायकीची अवघड वळणे वेगळी ऐकू येतात. विद्वत्तेचे प्रदर्शन मागे पडते आणि एका माणसाने स्वतःसाठी शोधलेली वाट समोर येते. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला आणि नंतर मुंबईत राहून त्यांनी ती वाट शिष्यांच्या हाती दिली.

शिष्यांनी तिचे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांनी 1921 मध्ये त्यांचा गंडा बांधला. केसरबाईंचा आकार भरदार आणि दमदार होता. गुरूंची गुंतागुंतीची तान त्यांच्या गळ्यातून अखंड, रुंद प्रवाहासारखी वाहिली. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर नाटक कंपनीतून बाहेर पडून सांगलीत होत्या, तेव्हा त्यांचे गाणे कानावर पडले म्हणून खाँसाहेबांनी आपणहून त्यांना शिकवायला घेतले. त्यांच्याकडे केसरबाईंइतका मोठा आवाज नव्हता, मात्र लय अतिशय पक्की होती. त्यांचे गाणे तालाच्या अंगाने फुलले. गुरू एक, गायकी एक, आणि तरी दोघींचे गाणे डोळे मिटून वेगळे ओळखता येते. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांचाही आवाज तरुणपणी काही काळ गेला होता. तो परत आल्यावर त्यांनी घराण्याची चौकट ओलांडून भावाच्या अंगाने गाणे मांडले.

किराणा घराण्याची गोष्ट उलट दिशेने जाते. अब्दुल करीमखाँ यांचा आवाज टिपेचा, बारीक आणि सुरेल होता. सुरावर रेंगाळणारी आलापी हाच त्यांच्या गायकीचा प्राण. त्यांचे प्रमुख शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, पुढचे सवाई गंधर्व, यांना तसा गळा मिळाला नव्हता. त्यांचा आवाज जड होता, तो चटकन वळत नसे. तो वळवण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे मेहनत घेतली. म्हणूनच असेल, त्यांच्याकडे शिकायला आलेल्या निरनिराळ्या आवाजांना एकाच साच्यात ओतण्याचा मोह त्यांनी धरला नाही. गदगचे भीमसेन जोशी अब्दुल करीमखाँची ध्वनिमुद्रिका ऐकून गाण्यासाठी घर सोडून निघाले, पण गुरूच्या गुरूंचा तो बारीक सूर त्यांनी उचलला नाही. सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला मेहनतीने त्यांचा आवाज रुंद आणि पल्लेदार झाला आणि त्या आवाजाला शोभतील अशा ताना त्यांनी इतर घराण्यांतूनही बेधडक घेतल्या.

याच कुंदगोळला हुबळीहून आगगाडीने येणाऱ्या शिष्या म्हणजे गंगूबाई हनगल. त्यांची आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात. मुलीचा कल हिंदुस्थानी संगीताकडे आहे हे दिसताच आपल्या गाण्याचा परिणाम तिच्यावर होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचे गाणे थांबवले. मुलीचा गुण ओळखून आईने एवढी किंमत मोजल्याचे दुसरे उदाहरण सहसा सापडणार नाही. 1930 नंतरच्या वर्षांत गंगूबाईंच्या ध्वनिमुद्रिका ‘गांधारी हुबळी’ या नावाने निघाल्या. त्यांत जी. एन. जोशी यांच्याबरोबरची मराठी भावगीतेही आहेत. तिथला आवाज उंच पट्टीतला, कोवळा, नाजूक आहे. पुढे घशाचे दुखणे आले, त्यावर उपचार झाले आणि आवाज खाली उतरला, जाड झाला, जवळजवळ पुरुषी वाटावा इतका. भावगीते आणि ठुमरीचा नखरा आता शोभणारे नव्हते. गंगूबाईंनी ते बाजूला ठेवले आणि फक्त ख्याल धरला. विलंबित लय, एकेका सुराची शांत बढत आणि खालच्या सप्तकातला गंभीर नाद हे त्यांचे क्षेत्र झाले. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकेनंतर त्यांचा उतारवयातला एखादा राग ऐकला तर दोन वेगळ्या बायका गातात असे वाटते. थोर गाणे दुसरीचे आहे.

अनुकरणाची देणगी हा गळ्याच्या धर्माचा सर्वांत फसवा प्रकार. शिवपुत्र कोमकली हे बेळगावजवळच्या सुळेभावीचे. ते लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्यांना त्या वयात मिळाली. असा मुलगा मोठेपणी नकलाकारच राहण्याचा धोका असतो. मुंबईत बी. आर. देवधर यांच्याकडे ते आले ही भाग्याची गोष्ट, कारण विष्णु दिगंबरांच्या या शिष्याने आवाज लावण्याच्या शास्त्राचा मुद्दाम अभ्यास केला होता आणि सर्व घराण्यांची गाणी ते खुल्या मनाने ऐकत-ऐकवत.

क्षयाने मात्र सारे उलटून टाकले. 1947 नंतर कुमार हवापालटासाठी माळव्यात देवासला राहायला गेले. काही वर्षे गाण्याची सक्त मनाई होती. अंथरुणावर पडून ते बाहेरून येणारी माळवी लोकगीते ऐकत राहिले. चार-पाच सुरांत संपणाऱ्या त्या धुनांत राग कसा दडलेला असतो, हे त्यांना तिथे उमगले. नव्या औषधांनी प्रकृती सावरल्यावर 1953 च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. फुप्फुस पूर्वीचे राहिले नव्हते, लांब दमाचे गाणे शक्य नव्हते. सूर एकदम, नेमका, हलक्या आघाताने लागू लागला, वाक्ये आखूड झाली आणि दोन वाक्यांमधली शांतता गाण्याचाच भाग बनली. लोकधुनांतून त्यांना नवे राग सुचले. ते राग आणि त्यांच्या बंदिशी ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात 1965 मध्ये प्रसिद्ध झाल्या.